निब बदलून मिळेल

नवी निब बसवून दिली की गिऱ्हाईक आधी 'श्री' लिहितं, मग सही करतं, मग पुन्हा सही करतं आणि तिसऱ्या सहीला भुवया चढवून म्हणतं, "किंचित खरखरते." पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पेनं दुरुस्त करून देणारं एक जुनं दुकान आहे. तिथे मी अधूनमधून नुसता बसायला जातो, आणि हा क्रम मोडलेला मी अजून पाहिलेला नाही. काउंटरवर चाचणीसाठी एक वही ठेवलेली असते. बँकेत चेकवर सही करताना कागद कोपराने झाकणारी माणसं या वहीत आपली सही पाच-सहा वेळा, ठळक, सुटी, शेवटच्या फटकाऱ्यासकट करून ठेवतात. काही जण खाली तारीखही घालतात. एखाद्या होतकरू बनावट सहीवाल्याने ही वही पळवली, तर सदाशिव पेठेतल्या निम्म्या मुदतठेवी त्याच्या हाती लागतील. पण तोही आधी म्हणेल, "निब किंचित खरखरते."

'श्री' हे अक्षर चाचणीला तसं वाईट नाही. त्यात गाठ आहे, तिरकी रेघ आहे, उभा दांडा आहे, वरून वळून येणारी वेलांटी आहे. निबेला सगळीकडे फिरावं लागतं. पण ते आपण जन्मभर इतक्या वेळा काढलेलं असतं की हात न विचारता ते उरकून टाकतो. सहीचं तर बोलायलाच नको. सही माणूस काडेपेटीतल्या काडीनेही तितकीच झोकात करेल. दुकानाचे मालक स्वतः चाचणी घेतात तेव्हा यातलं काहीच करत नाहीत. ते इंग्रजी आठचा आकडा आडवा पाडून एकाला एक जोडत काढत जातात. निब वर, खाली, डावीकडे, उजवीकडे नेमकी कुठे अडते ते त्यांना दोन ओळींत कळतं. (मराठी आठ या कामाचा नाही. तो एकदा खाली उतरला की संपला.) आठ काढून झाले की ते पेन परत देतात आणि म्हणतात, "चांगली चालतेय." गिऱ्हाईक त्यांच्याकडे अविश्वासाने पाहतं, कारण गिऱ्हाइकाचं नाव आठ नसतं.

अक्षर वाईट येण्याची कारणं बरीच असू शकतात. हाताला वळण नसतं, घाई असते, कागद शाई पितो, शाई दौतीत उघडी राहून दाट झालेली असते, आणि पुष्कळदा मजकुरातच दम नसतो. यातलं काहीही काउंटरवर बदलून मिळत नाही. निब मिळते. शिवाय टोपण, क्लिप, नळी हा पेनाचा बाकीचा सगळा संसार खिशासाठी असतो. कागदाशी गाठ पडते ती एकट्या निबेची, त्यामुळे आरोपपत्रही तिच्याच नावाने निघतं. दवाखान्यात गेलेला माणूस निदान लक्षणं तरी सांगतो. पेनाच्या दुकानात आलेला माणूस निदान घेऊनच पायरी चढतो: "निब गेली."

'गेली' म्हणजे नक्की काय गेलं, हे बघायचं तर निब हातात घ्यावी लागते. पोलादाचा किंवा सोन्याचा पातळ पत्रा, पन्हळीच्या आकारात वाकवलेला. मधोमध एक चीर. चीर जिथे संपते तिथे बहुतेकदा एक भोक, म्हणजे पत्रा त्यापुढे फाटत जाऊ नये. आणि लिहिण्याच्या टोकाला जेमतेम डोळ्याला दिसेल अशी एक गोळी, तीही चिरेने दुभागलेली. चीर इतकी अरुंद असते की शाई केशाकर्षणाने आपोआप टोकाकडे ओढली जाते. निबेच्या पोटाखाली काळी दातेरी जीभ असते; ती शाई खाली पुरवते आणि जितकी शाई गेली तितकी हवा वर नळीत जाऊ देते. ही देवाणघेवाण बिघडली की पेन एक तर उपास करतं नाही तर ओकतं.

पैकी लिहिण्याचं काम करते ती गोळी. सोनं मऊ, कागदावर घासून ते लवकर झिजतं, म्हणून टोकाला काहीतरी कठीण हवं होतं. १८०३ साली लंडनमध्ये स्मिथसन टेनंट या रसायनशास्त्रज्ञाने प्लॅटिनमचं खनिज आम्लात विरघळवल्यावर तळाशी उरलेल्या काळ्या गाळातून ऑस्मियम आणि इरिडियम हे दोन धातू शोधून काढले, आणि १८३४ च्या सुमाराला जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी असल्या कठीण धातूचा कण सोन्याच्या निबेच्या टोकाला बसवला. आजच्या गोळ्या निरनिराळ्या कठीण धातूंच्या मिश्रणाच्या असतात. इरिडियम बहुतेकांत नावापुरतं असतं किंवा नसतंच. तरीही 'इरिडियम पॉइंट जर्मनी' अशी अक्षरं ठोकलेल्या निबा डझनावारी मिळतात. या तीन शब्दांतला 'पॉइंट' तेवढा निर्विवाद असतो.

गोळी इतकी कठीण असूनही आपल्याकडे घरोघरी एक श्रद्धा होती, की दुसऱ्याने पेन वापरलं की निब बिघडते. "माझ्या निबेला माझा हात बसलाय," असं सांगून वडीलधारी माणसं पेन द्यायला नकार देत. वर्षानुवर्षं एकाच कोनात लिहिलं तर गोळीला एका बाजूने सपाटी येते, तेवढं खरं आहे. पण पोस्टातली पैसे काढायची चिठ्ठी भरायला वर्षं लागत नाहीत. काउंटरवरच्या बाई जेवायला उठल्या नसतील तर दोन मिनिटांत काम होतं. तरी "जरा पेन देता का?" असं कोणी विचारलं की शाईपेनवाल्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. तो टोपण काढतो, पेन देतो आणि टोपण मुठीत गच्च धरून ठेवतो. पेन घेणाऱ्याला टोपणाशिवाय पळून जाता येत नाही, हा यामागचा हिशेब. मग चिठ्ठी पुरी होईपर्यंत तो त्या माणसाच्या खांद्यावरून निबेकडे बघत उभा राहतो. घेणाऱ्याला आयुष्यभर बॉलपेनची सवय, तो दाबून लिहितो, कार्बन कागदाखालच्या तीन प्रती उमटल्या पाहिजेत अशा जोराने. निबेचे दोन्ही पाय फाकतात, चीर उघडी पडते, शाई कागदापर्यंत पोचेनाशी होते. म्हणजे मालकाची भीती रास्त होती, कारण तेवढं वेगळं होतं. पण त्याला समाधान वेगळंच मिळतं. "बघा, दुसऱ्याचा हात लागला की निब जाते," हे पुढची वीस वर्षं सांगता येतं.

टाकाच्या काळात हे लाड नव्हते. निब ही फेकायची वस्तू होती. एकोणिसाव्या शतकात जगातल्या पोलादी निबांचा फार मोठा हिस्सा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या एकाच शहरात तयार होत होता. जोसेफ गिलॉट, जोसाया मेसन ही तिथल्या कारखानदारांतली मोठी नावं, आणि कारखान्यांत हातदाबावर बसून पत्र्यातून निबा कापणाऱ्या, त्यांना चिरा पाडणाऱ्या कामगार बहुतांश बायका. त्या काळातली शाई लोहयुक्त आणि आम्लधर्मी, ती पोलाद खात असे. निब गंजली की उपटून टाकायची, डबीतली दुसरी टाकाला लावायची, की कारकून पुढच्या ओळीला मोकळा. निबेला हात बसायच्या आत निबच बसायची. मग १८८४ साली न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी शाई बेताबेताने उतरवणाऱ्या जिभेचं पेटंट मिळवलं. (विम्याच्या कागदावर शाई सांडली, करार हातचा गेला आणि म्हणून त्यांनी हा शोध लावला, ही गोष्ट पेनाच्या प्रत्येक दुकानात सांगतात. ती मागाहून रचलेली दिसते, पण विमा एजंटाला गोष्ट रचता येत नसेल तर मग कोणाला येणार?) आता शाई पेनाच्या पोटात राहू लागली, निबा सोन्याच्या झाल्या, टोकाला कठीण गोळी आली, आणि निब कायमची होऊन बसली. कायमची वस्तू आली की तिच्याबद्दलची कुरकुरही कायमची येते.

या कुरकुरीचा धंदा करावा हे अमेरिकेतल्या एस्टरब्रुक कंपनीला फार छान सुचलं. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनची ही कंपनी १८५८ पासून टाकाच्या निबा करत होती. त्यांनी फाउंटन पेनं काढली तेव्हा निब आणि जीभ मिळून एकच नग केला आणि त्याला आटे दिले. फिरवली की निघाली, दुसरी फिरवली की बसली. प्रत्येक निबेला नंबर. सर्वसाधारण लिहिण्यासाठी २६६८. हिशेबनिसासाठी बारीक १५५०. ग्रेग पद्धतीचं लघुलेखन करणाऱ्यांसाठी १५५५. लवचीक हवी असेल तर ९१२८. गिऱ्हाइकाने दुकानात उभं राहून आपल्या धंद्याला आणि हाताला साजेशी निब निवडायची. कवींसाठी वेगळा नंबर कंपनीने काढला नाही, हे शहाणपणाचं झालं. तो प्रत्येकाने परत आणला असता.

आपल्या शाळांत निब बदलण्याचं तंत्र याहून साधं होतं: दात. जीभ आणि निब दाताने धरायची आणि पेन हाताने ओढायचं. निब सुटली की ओठ निळे, हनुवटी निळी, आणि पुढच्या बाकावरच्या मुलाच्या सदऱ्यावर, पेन झटकल्याचा पुरावा म्हणून, ठिपक्यांची एक तिरकी रांग. निब खरखरत असेल तर ती वर्गातल्या शहाबादी फरशीवर घासायची. घासताना सगळा वर्ग सल्ला द्यायचा. चीर बुजली असेल तर दाढीचं अर्धं ब्लेड चिरेतून फिरवायचं. ब्लेड मिळालं नाही तर गुरुजींना सांगायचं, गुरुजी म्हणायचे बॉलपेनने लिहायचं नाही, अक्षर बिघडतं, आणि तास संपायचा. एवढं सगळं करून अक्षर सुधारल्याचं कोणाचं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. पण ज्याची निब सगळ्यांत जास्त घासली गेली होती, तोच पुढे इंजिनियर झाला, असं आमच्या गावात मानतात.

हल्लीचे हौशी लोक फरशीवर घासत नाहीत. त्यांच्याकडे बारा हजार नंबरचा पॉलिश कागद असतो, सोनाराचं भिंग असतं, चिरेत सरकवायला पितळेची केसाएवढी पातळ पट्टी असते. भिंग डोळ्याला लावून ते आधी निबेचे दोन्ही पाय एका पातळीत आहेत का ते बघतात. बहुतेक खरखर तिथेच असते: एक पाय वर, एक खाली, आणि खालचा कागद खरवडत चाललेला. नखाने हलकेच दाबून पाय सरळ केला की काम झालं. पण बारा हजारचा कागद विकत घेतलेला असतो. तो काय फुकट घालवायचा? मग निब त्या कागदावर आडवे आठ काढत सुटते. गोळी गुळगुळीत होते, आणखी गुळगुळीत होते, आणि एका टप्प्यावर इतकी गुळगुळीत होते की चिरेच्या दोन्ही कडा आतल्या बाजूला गोलावतात, शाई आत अडकून राहते आणि कागदाला शिवतच नाही. या दोषाला जगभरचे निबवाले 'बेबीज बॉटम' म्हणतात. तेव्हा निब कागदावरून आवाज न करता, अडखळता, तक्रारीला कसलीही जागा न ठेवता सरकते. फक्त लिहीत नाही.

मग नवी निब मागवायची. सुटी निब मागवायला निघालेला माणूस बहुतेकदा जर्मनीत जाऊन पोचतो, हायडेलबर्गच्या बॉककडे किंवा बर्लिनच्या योवोकडे. जगातल्या कितीतरी पेन कंपन्या स्वतः निबा करत नाहीत. या दोघांपैकी कोणाकडून तरी घेतात आणि त्यांवर आपलं नाव कोरून घेतात. त्यामुळे असं होतं की एक गृहस्थ एका कंपनीची 'साधारण' निब काढून तिच्या जागी दुसऱ्या कंपनीची 'खानदानी' निब बसवतात, आणि दोघीही एकाच कारखान्याच्या एकाच यंत्रातून पडलेल्या सख्ख्या बहिणी असू शकतात. फरक त्यांना जाणवतो. जाणवणारच, पैसे मोजलेत. दोन्ही कारखान्यांच्या लोकप्रिय निबा सहा नंबरच्या. पण एकाचे आटे दुसऱ्याच्या पेनात बसत नाहीत, हे पार्सल उघडल्यावर कळतं. आपल्याकडे कानपूरलाही निबा होतात, चांगल्या होतात, आणि स्वस्तही. त्या स्वस्त आहेत ही त्यांच्यातली मोठी खोट आहे. शंभर-दीडशे रुपयांत अक्षर सुधारलं असं चार लोकांत सांगताना माणसाला ओशाळल्यासारखं होतं.

माझ्या ओळखीत असे एक आहेत. पेनाची नळी चिनी, निब जर्मन, जीभ भारतीय एबोनाइटची, शाई जपानी. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. गरम पाण्यात धरलं की जरा मऊ पडतं आणि बोटाने दाबून निबेला चिकटवून बसवता येतं. त्यांच्या स्वयंपाकघरात दूध तापवायचं छोटं पातेलं आता या कामाला गेलेलं आहे, आणि घरी चहाच्या रंगाबद्दल कोणी काही विचारत नाही. इतकं करून हे पेन लिहितं काय? त्यांच्याजवळ एक जाड, गुळगुळीत कागदाची वही आहे. तीत प्रत्येक पानावर वर तारीख, खाली निबेचा नंबर, शाईचं नाव, आणि मग मजकूर: 'आज ही निब या शाईत चालवून पाहिली. उतार चांगला. मागे उमटत नाही.' पुढच्या पानावर दुसरी निब, दुसरी शाई, उतार बरा. मी वही शेवटपर्यंत चाळली. पेनाने पेनाचंच चरित्र लिहिलेलं होतं, चालू होतं, आणि नायकाचा स्वभाव दर पानाला बदलत होता.

त्यांच्या हातून एकदा 'झेब्रा जी' झाली. ही जपानमधली टाकाची निब. तिथले चित्रकथा काढणारे चित्रकार वापरतात. दाबलं की पाय उघडतात, रेघ जाड होते; सोडलं की केसाएवढी बारीक. ही निब जिन्हाओ नावाच्या चिनी पेनात थोड्या खटपटीने बसते, हे जगभरच्या निबवाल्यांना माहीत आहे. बसली. त्यांनी दाब दिला, रेघ सुरेख जाड झाली, आणि जीभ तितक्या वेगाने शाई पुरवू शकली नाही. रेघ मधून कोरडी पडली आणि दोन बाजूंना दोन रूळ तेवढे राहिले. कागदावर पुणे ते दौंड दुहेरी मार्ग तयार झाला. काही दिवसांनी निब गंजली, कारण ती टाकाचीच होती, रोज शाईत बुडून राहायला केलेली नव्हती.

पण मला त्या प्रकरणात खरी गंमत वाटली ती वेगळीच. दाबून जाड, सोडून बारीक ही इंग्रजी कॉपरप्लेट अक्षराची रीत. आपल्या 'क'ला त्याचं सोयरसुतक नाही. देवनागरीतला जाड-बारीकपणा दाबातून येत नाही, बोरूच्या तिरक्या कापातून येतो. बोरू साधारण पंचेचाळीस अंशांत धरला की उभा दांडा आणि आडवी शिरोरेषा जवळजवळ सारख्या जाडीच्या उतरतात आणि फरक पडतो तो तिरक्या आणि गोल भागांत. आणि हा काप रोमन अक्षरांच्या कलमाच्या उलट्या बाजूला असतो. म्हणजे परदेशातून मागवलेली रुंद, कापीव निब मराठी लिहायला घेतली, तर दांडे जाडजूड होतात आणि शिरोरेषा अशक्त. सगळा परिच्छेद खांबांवर उभा, वर छप्पर मात्र नाही. सुलेखन करणारे लोक म्हणून निबेचा काप स्वतः घासून बदलून घेतात. बाकीचे म्हणतात, "परदेशी निब आहे, तिला सवय व्हायला वेळ लागेल."

आणि निब रुंद घ्यावी की बारीक, हाही आपल्याकडे सोपा प्रश्न नाही. जपानी कंपन्यांची 'फाइन' निब युरोपच्या 'फाइन'हून बारीक असते, कारण त्यांच्या एका अक्षरात दहा-पंधरा रेघा मावाव्या लागतात. आपली अक्षरं त्या बाबतीत जपानच्या बाजूची आहेत, पण हौस युरोपची. रुंद, ओली चालणारी निब, स्वस्त वहीचा शाई पिणारा कागद, आणि त्यावर मराठी. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ शाईत बुडते आणि 'व' उरतो. 'ष' आणि 'प' एकमेकांत विरघळतात. 'ध' आणि 'घ' ओळखायचे ते संदर्भाने. एका स्नेह्यांनी नव्या रुंद निबेने पुतण्याला अभिनंदनाचं पत्र लिहिलं, 'घर घेतलंस, फार बरं वाटलं.' पुतण्याने ते 'धर घेतलंस, फार वरं वाटलं' असं वाचलं आणि काकांची तब्येत बरी नसावी म्हणून फोन केला. काका म्हणाले, "निब कशी वाटली?"

तर, पुन्हा त्या दुकानात. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. खिशातून वडिलांचं जुनं पेन काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि निकाल दिला, "निब गेली."

मालकांनी टोपण काढलं, निब उजेडाला धरली, भिंगातून पाहिली. "काका, हे शेवटचं धुतलं कधी होतंत?"

"धुतलं? अहो, पेन आहे ते. पंचा नाही."

"निब उत्तम आहे. आत शाई वाळून दगड झालीय. रात्रभर साध्या पाण्यात ठेवतो, उद्या सकाळी न्या."

"किती घ्याल?"

"त्याचे काय घ्यायचे?"

काकांचा चेहरा उतरला. वडिलांच्या पेनाचं दुखणं फुकटात बरं होण्याइतकं किरकोळ असावं, हे त्यांना पटलं नाही. "तुम्ही बदला हो निब. मी पैसे देतोय ना?"

मालक गिऱ्हाइकाशी वाद घालत नाहीत. त्यांनी ओल्या फडक्यात निब आणि जीभ धरून सरळ ओढून काढल्या. नवी निब बसवायची तर जीभ साफ पाहिजे, म्हणून जीभ ब्रशने घासून धुतली. नळी धुतली, मान धुतली, वाटीतलं पाणी निळं झालं, टाकलं, पुन्हा घेतलं. मग नवी निब जिभेवर नीट बसवून दोन्ही आत सरकवल्या, शाई भरली, आठ काढले, पेन दिलं. पेन सुरेख चालायला लागलं. काका म्हणाले, "बघा! मी म्हटलं नव्हतं, निब गेलीय?" निब बदलण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत पेनाला आधी आंघोळ घालावीच लागते, आणि त्या आंघोळीचं श्रेय आजवर कोणी आंघोळीला दिलेलं नाही. दुकानाची पाटीही 'पेन धुऊन मिळेल' अशी नाही. तशी पाटी लावून बघा, कोण येतं ते.

काका गेल्यावर मालकांनी जुनी निब पाण्यातून काढली, चीर साफ केली, फडक्याने पुसली आणि गोळ्यांच्या एका रिकाम्या डबीत टाकली. डबी जवळजवळ भरलेली होती. सगळ्या 'गेलेल्या' निबा.

पुढे बऱ्याच दिवसांनी काका पुन्हा आले, या वेळी जावयाने दिलेलं नवं पेन घेऊन. म्हणाले, "याच्यात एखादी जुनी निब बसेल का बघा. हल्लीच्या निबांत ती मजाच नाही. गुळगुळीत आहेत, पण जीव नाही हो."

मालकांनी डबी उघडली, दोन-तीन निबा बाजूला सारल्या, एक उचलली, बसवली, आठ काढून पेन पुढे केलं. काकांनी वहीवर दोन ओळी ओढल्या आणि थांबले. पुन्हा ओढल्या.

"ही! ही म्हणजे निब! अशा आता करत नाहीत. कुठून मिळवलीत?"

"तुमचीच आहे. वडिलांच्या पेनातली."

काका काही वेळ निबेकडे पाहत राहिले. मग मालकांकडे पाहिलं.

"इतकी चांगली होती," ते म्हणाले, "तर बदललीत कशाला?"